वसईची मात्रिझ आणि घंटांचा प्रवास

वाळूजच्या वसंत व्याख्यानमालेत वसईच्या चर्चची कथा कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो अस्थानी म्हणता यावयाचा नाही. वसई समुद्रकाठची, आपण पठारावरचे. ती पोर्तुगीजांच्या अमलाखाली नांदलेली. आपल्या मुलखाने निजामशाही पाहिली, मोगलाई पाहिली आणि पुढे हैदराबादचे निजाम पाहिले. मग दोहोंचा संबंध काय? संबंध आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी तो स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे. सिंहस्थाला किंवा एरवी नाशिकला गेलेल्या माणसाने पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ पाहिलेले असते. त्याच्या कोटावर नदीच्या बाजूला एक थोरली घंटा टांगलेली आहे. गोदेला पूर आला म्हणजे पाणी या घंटेला लागले की नाही, यावरून पुराचा मोठेपणा सांगण्याची नाशिककरांची रीत आहे. हे देऊळ नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधले. घंटेवर मात्र साल आहे १७२१, आणि तेही इसवी सनाचे. म्हणजे देवळाहून त्याची घंटा २६ वर्षांनी वडील! शकात आणि सुहूर सनात तिथी-मिती लिहिणाऱ्या पेशवाईतील एका सरदाराच्या देवळावर ख्रिस्ती सनाची घंटा कशी आली? या एका प्रश्नाचा माग काढीत गेले म्हणजे आपण थेट वसईच्या किल्ल्यात, एका पडक्या चर्चच्या दारात जाऊन उभे राहतो.

त्या चर्चची हकीकत आज सांगावयाची आहे. परंतु आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणत्याही देवस्थानाची तीन अंगे असतात: भिंती, सामान आणि माणसे. देऊळ नांदते असते तेव्हा ही तिन्ही एकत्र असतात, म्हणून ती वेगळी आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. देवस्थान मोडते तेव्हा मात्र तिघांच्या वाटा फुटतात. भिंती जागच्या जागी राहून झिजतात, सामान परमुलखाला जाते, आणि माणसे दुसरीकडे नवे छप्पर उभारून जुनी उपासना चालू ठेवतात. अशा देवस्थानाचा इतिहास एका ठिकाणी बसून वाचता येत नाही. तो तीन ठिकाणी जाऊन वाचावा लागतो.

प्रथम भिंती पाहू. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. दोन वर्षांत तेथे किल्ल्याचे काम सुरू झाले आणि पाहता पाहता त्या तटाच्या आत एक शहर वसले. पोर्तुगीजांनी आपल्या या मुलखाला ‘उत्तर प्रांत’ असे नाव दिले होते आणि वसई ही त्याची राजधानी होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या ख्रिस्ती संघांनी आपापले मठ आणि चर्च या तटाच्या आत बांधले. परंतु शहराचे, म्हणजे गृहस्थाश्रमी लोकांचे, हक्काचे चर्च एकच होते. ते संत जोसेफ यांच्या नावाचे. त्याला पोर्तुगीज लोक ‘मात्रिझ’ म्हणत. मात्रिझ म्हणजे माउली. ज्या चर्चमध्ये गावच्या मुलाचा बाप्तिस्मा व्हावयाचा, लग्न लागावयाचे आणि मेल्यावर ज्याच्या जमिनीखाली किंवा अंगणात विसावा मिळावयाचा, ते हे माउलीचे चर्च. मराठी ख्रिस्ती लोक पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. त्या शब्दाने सांगावयाचे तर मात्रिझ हे वसई धर्मग्रामाचे ग्रामदैवतच होते.

हे चर्च मुळात सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. पण आज दिसते ती त्याची दुसरी बांधणी. प्रवेशद्वारावरील शिलालेखात तसे स्पष्ट सांगितले आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस आणि येथील धर्मगुरू पेद्रू गाल्व्हांव पेरैरा यांच्या काळात, १६०१ साली, या मात्रिझचा जीर्णोद्धार झाला, असा त्या लेखाचा आशय आहे. आपल्याकडील देवळांच्या जीर्णोद्धाराच्या शिळा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा मजकूर मुळीच परका वाटणार नाही. कोणाच्या कारकिर्दीत, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या साली, एवढेच सांगावयाचे आणि थांबावयाचे!

आता आत शिरू. समोर उंच घंटामनोरा आहे, त्याच्या पोटात दगडी चक्री जिना आहे. दाराजवळ बाप्तिस्म्याची जागा. तिचे स्थान दाराशीच का, याला कारण आहे. बाप्तिस्मा झाल्यावाचून मनुष्य ख्रिस्तमंडळीचा होत नाही. म्हणून ज्याला अजून आत यावयाचे आहे, त्याचा विधी उंबरठ्याजवळ. पुढे लांबट सभामंडप. त्याच्या टोकाला एक मोठी कमान आणि कमानीपलीकडे वेदीचा गाभारा. गर्भगृह, सभामंडप आणि मुखमंडप ही आपल्या देवळाची रचना ज्याच्या डोळ्यांत बसली आहे, त्याला ही मांडणी समजावयास वेळ लागत नाही. फरक इतकाच की आपल्या गाभाऱ्यात एका वेळी चार माणसे मावतात आणि देव अंधारात असतो. येथे सारा गाव सभामंडपात बसून एकाच वेळी गाभाऱ्याकडे पाहतो, म्हणून गाभारा उघडा आणि सभामंडप विस्तीर्ण.

या मांडणीतच चर्चच्या पुढील नाशाचे बीज होते. हिंदुस्थानातील पोर्तुगीज चर्चांत गाभाऱ्यावर बहुधा दगडी कमानदार छत घालीत. परंतु सभामंडपाची रुंदी मोठी असल्याने त्यावर सागवानी वासे आणि कौले टाकीत. दगडी छताला भिंती जाड लागतात, खर्च फार येतो. लाकूड तर वसईच्या मागल्या रानात मुबलक होते. पण लाकडी छप्पर म्हणजे दरसालच्या डागडुजीचे बंधन. मे १६१८ मध्ये या किनाऱ्यावर जे भयंकर वादळ झाले, त्यात वसईच्या मोठ्या चर्चांची छपरे उडून गेली होती. त्या वेळी शहर श्रीमंत होते, छपरे पुन्हा चढली. पुढे ती चढविणारे कोणी उरले नाही, तेव्हा सभामंडप उघडे पडले आणि गाभाऱ्याच्या कमानी मात्र कित्येक ठिकाणी तग धरून राहिल्या. वसईत गेल्यावर चर्च ‘अर्धे’ पडलेले दिसते, त्याचे कारण शत्रूच्या तोफांपेक्षा या वाशांत अधिक आहे.

भिंतींचा दगड काळा, डोंगरी, सांधा चुन्याचा, वर चुन्याचा गिलावा. वसईच्या दगडाची कीर्ती दूरवर होती. जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्च, जेथे संत फ्रान्सिस झेव्हियर यांचे शव ठेवले आहे, ते १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. त्याच्या भिंती गोव्याच्या जांभ्या दगडाच्या. पण दर्शनी भागाचा कोरीव दगड मुद्दाम वसईहून नेलेला आहे. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात बारीक नक्षी उतरत नाही. वसईचा दगड छिन्नीला नीट वळण देतो. खिडक्यांविषयीही एक टिपण आहे. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७५ साली वसईस आला होता. तेथील वाड्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. गोव्याच्या जुन्या घरांत ज्यांनी अशी तावदाने पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की, त्यांतून उजेड येतो पण ऊन येत नाही. समुद्रावरच्या लख्ख उन्हाला हा उतारा नामी आहे.

भिंतींनंतर सामान. नांदत्या चर्चमधील पहिली वस्तू म्हणजे वेदी आणि तिच्यामागे उभी केलेली लाकडी, कोरीव, सोनेरी मुलाम्याची मखर. तिच्या कोनाड्यांतून संतांच्या मूर्ती. एका बाजूच्या भिंतीला किंवा खांबाला लागून उंचावर प्रवचनपीठ. तेथून धर्मगुरूचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावयाचा. पापनिवेदनासाठी जाळीची लाकडी पेटी. बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. वेदीवरील चांदीची भांडी आणि समया, सणावाराची भरजरी वस्त्रे. पायाखाली थडग्यांच्या शिळा. या शिळा म्हणजे गावचे दप्तरच. किल्ल्यातील जेझुइटांच्या चर्चमध्ये इझाबेल द आगियार नावाच्या एका विधवेची शिळा आहे. ती १५९१ साली वारली. त्या संस्थेला तिने मोठे साहाय्य केले होते, असे शिळेवर लिहिले आहे. चारशेहून अधिक वर्षे झाली, संस्था गेली, छप्पर गेले. परंतु एका विधवेचे दातृत्व अजून वाचता येते.

आणि सर्वांत शेवटी, सर्वांत उंचावर, घंटा. घंटा हे चर्चच्या सामानातील एकच असे अंग की जे चर्चच्या बाहेर जाते. मूर्ती पाहावयास आत यावे लागते. घंटेचा नाद घरी बसून ऐकू येतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वेळची प्रार्थना घंटेवर. कोणी वारले तर घंटेवर. आग, पूर किंवा शत्रू आला तरी घंटेवरच. सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असा तिचा ओतीव धातू असतो. कथील कमी पडले तर नाद बसका होतो, अधिक झाले तर घंटा ठणक देते पण तडकते. ओतल्याचे साल, संताचे नाव, क्रूस किंवा पवित्र मातेची आकृती तिच्यावर उठवीत. म्हणूनच घंटा कोठेही गेली तरी आपले मूळ गाव लपवू शकत नाही.

आता या वास्तूवर आलेल्या संकटाकडे वळू. येथे मन मोकळे ठेवून दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. पोर्तुगीज अमलात उत्तर प्रांतातील हिंदू प्रजेला धर्माच्या बाबतीत मोठा जाच होता. देवळे मोडली गेली, उघड उपासनेला बंदी झाली, आणि गोव्याच्या धर्मन्यायसभेचा हात येथपर्यंत पोहोचत असे. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसे पेशव्यांकडे गाऱ्हाणी घेऊन गेली ती या दुःखापोटी. १७३७ साली मोहीम सुरू होऊन ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजीआप्पांनी वसईला वेढा घातला. सुरुंग लावून बुरूज उडवावे लागले, माणसांची अपरंपार हानी झाली, आणि मे महिन्याच्या मध्यास कायतानु द सौझ पेरैरा याने शरणागतीच्या कलमांवर सही केली. २३ मे १७३९ रोजी पोर्तुगीज वसईतून बाहेर पडले.

शरणागतीची कलमे वाचण्यासारखी आहेत. पोर्तुगीजांना आपली जंगम मालमत्ता बरोबर नेण्याची मुभा होती, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक होती. म्हणजे जे उचलून नेता येईल ते गोऱ्या पाद्र्यांनी आणि धनिकांनी नेले. मूर्ती, चांदी, वस्त्रे ही माणसाच्या खांद्यावर जातात. घंटा जात नाही. मनोऱ्यावरून उतरविण्यास दोरखंड, कप्पी आणि बरेच हात लागतात; पराभूत लोकांना तेवढी सवड नसते. म्हणून घंटा राहिल्या आणि विजेत्यांच्या हाती पडल्या.

विजेत्यांनी त्या वितळवून तोफा ओतल्या असत्या तर कोणी नवल मानले नसते. त्या काळी जगभर तशी रीत होती. परंतु मराठ्यांनी पुष्कळ घंटा देवाला वाहिल्या. भीमाशंकरच्या देवळापुढे पोर्तुगीज घंटा आहे. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात आहे. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणविसांच्या गावी, कृष्णेच्या घाटावरील देवळापाशी १७०७ सालची घंटा आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मातेची आकृती आहे. नाशिकची घंटा तर आपण आरंभीच पाहिली. चर्चच्या मनोऱ्यावर ती दोराने हलवून वाजवीत. येथे ती माणसाच्या हाताशी टांगली गेली आणि येणारा जाणारा लोलक ओढून वाजवू लागला. वाजविण्याची रीत बदलली. देवाच्या दारी वाजण्याचे काम बदलले नाही.

या घटनेकडे कसे पाहावे? ‘विजयाची निशाणी’ म्हणून पाहावे, हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. ज्यांची देवळे मोडली होती, त्यांच्या देवळांत मोडणाऱ्यांची घंटा वाजू लागली, यात त्या पिढीला न्याय दिसला असला पाहिजे. ‘लुटीचा माल’ म्हणून पाहावे, हे दुसरे उत्तर. आणि वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर तेही समजण्यासारखे आहे. आपल्या शेजारच्या दौलताबादचे उदाहरण घ्या. देवगिरीच्या पायथ्याशी कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या कारकिर्दीत, १३१८ साली, जी जामा मशीद उभी राहिली, तिचे कित्येक खांब जुन्या देवळांचे आहेत. आणि १९४८ नंतर त्याच वास्तूत भारतमातेची स्थापना झाली. एका वास्तूत तीन काळांची तीन निवेदने आहेत. त्यांपैकी एकच वाचून बाकीची पुसावयाची म्हटली तर खांब उभे राहतील, पण ते मुके होतील. आम्हांस असे वाटते की, विजय आणि लूट हे दोन्ही शब्द खरे मानूनही तिसरी गोष्ट मान्य करता येते: ज्यांनी ही घंटा आणली त्यांनी तिच्यावरची अक्षरे आणि आकृत्या तासून काढल्या नाहीत. मेणवलीची माता आणि तिचे बाळ कृष्णेच्या काठी आजवर सुखरूप आहेत. ती आकृती कोणाची, हे पुजाऱ्याला कळत नसेल असे नाही. ती राहू दिली गेली.

भिंती आणि सामान यांची ही गत झाली. माणसांचे काय झाले? युरोपीय पाद्री गेले, पण वसई-साष्टीच्या खेड्यांतील ख्रिस्ती शेतकरी, कोळी, सुतार जागचे हलले नाहीत. त्यांचा सांभाळ गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी केला. १७६० च्या सुमारास आंक्तील द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान, ज्याने पुढे पारशांच्या अवेस्ता ग्रंथाचे भाषांतर केले, साष्टीतून फिरला. मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक उघडपणे आपला धर्म पाळतात, असे त्याला दिसले. किल्ल्यातील मात्रिझ ओस पडली, तरी किल्ल्याबाहेर पापडी, माणिकपूर, रमेदी, नंदाखाल, आगाशी येथील चर्चांतून उपासना चालू राहिली. मुंबई-वसईकडील जुने ख्रिस्ती लोक आपल्या बोलीत चर्चला ‘देऊळ’ म्हणतात, हा शब्द तेवढ्यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. धर्म बदलला, राज्ये बदलली, पण देवाच्या घराला त्यांनी आजोबांचाच शब्द ठेवला.

वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारले गेले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले; हिंदुस्थानात जन्मलेल्यांत हा मान त्यांना प्रथम मिळाला. किल्ल्यातील पडीक चर्चांच्या सोबतीला आजही त्यांचे स्मरण आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लॅटिनच्या जागी लोकभाषा आली, तेव्हा वसईच्या वेदीवरून मराठी बोलू लागली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे कृपामातेचे चर्च त्याचे कॅथीड्रल ठरले. किल्ल्यातील मात्रिझचे मानपान अशा रीतीने अडीचशे वर्षांनी कोसभर अंतरावर पुन्हा प्रगट झाले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात, धाराशिवला भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. वसईच्या मात्रिझचा धर्मग्राम मराठवाड्यात पोहोचला तो असा, मराठी साहित्याच्या व्यासपीठावरून.

आता कर्तव्याचा विचार. वसईच्या भिंती भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तरी पिंपळाचे मूळ सांध्यात शिरले म्हणजे ते कायदा वाचीत नाही, आणि गिलाव्यावर आपले नाव खरडणारा प्रवासीही वाचीत नाही. घंटांची स्थिती अधिक नाजूक आहे. त्या नांदत्या देवळांत आहेत, हे त्यांचे भाग्य. पण नांदत्या वस्तूला रंग दिला जातो, घासून चकचकीत केले जाते, तडा गेल्यास मोडीत काढून नवी ओतली जाते. हे सारे भक्तिभावाने होते, म्हणून त्याला अटकाव करणे कठीण. तथापि एक साधे काम कोणासही करता येईल. गावच्या किंवा तीर्थाच्या देवळात जुनी घंटा दिसली तर तिच्यावरील अक्षरे कागदावर उतरून घ्यावी, साल टिपावे, आकृतीचे छायाचित्र घ्यावे, घेर मोजावा आणि देवस्थानच्या वहीत त्याची नोंद करवून घ्यावी. शाळेतील मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम उत्तम जमेल. घंटा परत मागणे किंवा लपविणे, यांपैकी कशाचीच त्यासाठी गरज नाही. ती ज्या देवाच्या दारी आहे तेथे वाजू द्यावी; फक्त ती कोठून आली हे वाजविणाऱ्याला ठाऊक असावे.

कारण अज्ञानाने जे जपले जाते, ते अज्ञानाने एके दिवशी मोडीतही जाते. दगड वसईत, नक्षी गोव्यात, घंटा नाशिक-मेणवलीस आणि माणसे पापडी-नंदाखालला, असा हा पसारा आहे. तो एकत्र गोळा करणे आता कोणाच्याही हाती नाही. पण त्याची एक यादी करणे आपल्या सर्वांच्या हाती आहे, आणि तिची सुरुवात आपल्या सर्वांत जवळच्या घंटेपासून करता येईल.